आधी भिंत, मग भाडे, मग दुसरे घर

पत्राचा सारांश: पत्रलेखिका नोकरी करतात. तीन वर्षांपूर्वी त्यांनी भाड्याने देण्यासाठीच एक छोटा फ्लॅट घेतला. किमतीच्या ६० टक्के कर्ज, मुदत २० वर्षे, व्याज ९ टक्के. हप्ता भाड्यापेक्षा साधारण ३० टक्क्यांनी जास्त आहे. तेवढी भर पगारातून घालायची, असा त्यांचा हिशोब होता, पण "त्याच्या दुप्पट पैसे जातात आणि कुठे जातात ते कळत नाही". सध्याचे जोडपे दोन वर्षांपासून राहते आहे. पहिले तेरा महिने भाडे ठरल्या दिवशी आले. अकरा महिन्यांपासून उशीर होऊ लागला आणि गेले दोन महिने निम्मेच भाडे आले. बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीचा खालचा भाग ओला आहे. त्याची पहिली तक्रार चौदा महिन्यांपूर्वी आली. भिंतीला दोनदा रंग दिला, दोन्ही वेळा पोपडे निघाले. दोन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत घेतली होती, ती फर्निचरवर खर्च झाली आहे. आता त्यांना घर रिकामे करून घ्यायचे आहे, "नीट पैसे देणारा" भाडेकरू आणायचा आहे आणि साठवलेल्या रकमेतून (पहिल्या घराच्या किमतीच्या २० टक्के) तेवढ्याच किमतीचे दुसरे घर घ्यायचे आहे, म्हणजे "दोन भाडी मिळून ओढाताण थांबेल". आधी काय करू आणि दुसरे घर घेऊ का, असे त्या विचारतात.

उत्तर

नमस्कार.

तुमच्या पत्रात दोन तारखा आहेत, पण त्या वेगवेगळ्या पानांवर आहेत. ओलीची तक्रार चौदा महिन्यांपूर्वीची, भाडे रेंगाळायला लागले ते अकरा महिन्यांपूर्वी. मधल्या तीन महिन्यांत तुम्ही भिंत रंगवलीत आणि तो रंग उतरला. तेरा महिने चोख पैसे देणारी माणसे एकाएकी बेफिकीर होत नाहीत. त्यांच्या मिळकतीत काही बिघडले असेल, तेही विचारायला हवे. पण मला जास्त शक्यता ही वाटते की, तक्रार करूनही भिंत सुकत नाही म्हणून त्यांच्या हातून भाडे सुटत नाही. तसे असेल तर भाडेकरू बदलून तुमच्या हाती काही लागणार नाही, कारण पुढचे कुटुंबही त्याच भिंतीला पलंग लावून झोपणार आहे.

म्हणून तुम्ही मनात धरलेला क्रम मी उलटा करतो. घर रिकामे करण्याची नोटीस सध्या बाजूला ठेवा आणि भिंतीपासून सुरुवात करा.

दोनदा रंग का टिकला नाही? भिंतीतून पाणी झिरपते तेव्हा विटा आणि गिलाव्यातले क्षार त्यात विरघळून पृष्ठभागाकडे येतात. पाणी उडून जाते, क्षार तिथेच राहतात आणि त्यांचे स्फटिक फुगताना रंगाचा थर आतून ढकलतात. हाच लोणा. अशा भिंतीवर ओल रोखण्याचे आश्वासन देणारा महागडा रंग लावला तर पाणी थांबत नाही. ते आतल्या आत सरकते आणि हातभर वर किंवा बाजूच्या भिंतीत बाहेर पडते. रंगकाम शेवटचे. आधी पाणी कुठून येते ते शोधायचे आणि कारण सापडेपर्यंत कोणत्याही कारागिराला फोडाफोड करू द्यायची नाही. अंदाजाने फरशी उखडणे हा या कामातला सगळ्यात महागडा आणि नेहमीचा चुकीचा मार्ग आहे.

पहिली माहिती फुकट मिळते, भाडेकरूंना विचारून. ओल बारमाही सारखीच आहे का? पावसात वाढते का? बाथरूम दोन-तीन दिवस बंद राहिले, उदाहरणार्थ ते गावाला गेले, तेव्हा भिंत सुकल्यासारखी वाटली का? बारमाही सारखी ओल म्हणजे बहुधा भिंतीतला, सतत दाबाखाली असलेला पाण्याचा पाइप गळतो आहे. वापरानुसार कमी-जास्त होणारी ओल फरशी, सांधे किंवा सांडपाण्याच्या पाइपकडे बोट दाखवते. पावसात वाढणारी ओल बहुधा बाहेरच्या भिंतीतून येते. थंडीत सकाळी कोपऱ्यात आणि कपाटामागे काळी बुरशी दिसते ती बहुतेक वेळा गळती नसते, ती खोलीतल्या दमट हवेची असते आणि तिला खिडकी उघडी ठेवणे, पंखा आणि कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढणे एवढे पुरते. याची शंका असेल तर ओलसर जागी ४५ सेंटिमीटरचा चौकोनी प्लास्टिक कागद चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवा आणि एक-दोन दिवसांनी पाहा. कागदाच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर पाणी भिंतीतले आहे, खोलीकडच्या बाजूला असतील तर हवेतले.

मग पाण्याच्या मीटरची चाचणी. आधी फ्लशच्या टाकीत थोडा खाण्याचा रंग टाका. वीस मिनिटांत फ्लश न करता कमोडच्या भांड्यातले पाणी रंगीत झाले तर टाकीचा वॉशर गळतो आहे. तो आधी बदला, नाहीतर मीटर तुम्हाला फसवेल. त्यानंतर टाकी पूर्ण भरू द्या, सगळे नळ बंद करा, मीटरच्या आकड्याचा फोटो घ्या आणि दोन तास पाणी वापरू नका. आकडा पुढे सरकला तर भिंतीत दडलेला एखादा पाइप किंवा जोड गळतो आहे. गार आणि गरम पाण्याच्या पाइपांपैकी कोणता, ते गीझरकडे जाणारा वॉल्व्ह बंद करून पुन्हा दोन तास थांबल्यावर कळते. फ्लॅटला स्वतंत्र मीटर नसेल तर प्लंबरला प्रेशर टेस्ट करायला सांगा. लाइन बंद करून तो दाबमापक लावतो आणि काटा खाली येतो का ते पाहतो.

आकडा हलला नाही, तर संशय फरशीवर. बाथरूमच्या नाहणी ट्रॅपचे, म्हणजे फरशीतले पाणी जिथून वाहून जाते त्या जाळीखालच्या भागाचे, तोंड रबरी बुचाने किंवा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेल्या ओल्या कापडाने बंद करा. उंबऱ्याच्या खाली राहील एवढे, दोन-तीन सेंटिमीटर, पाणी साठवा आणि पातळीवर पेन्सिलने खूण करा. शेजारी एका उथळ थाळीत तेवढेच पाणी ठेवा आणि त्यातही खूण करा. चोवीस तासांनी दोन्ही पाहा. थाळीतले पाणी जेवढे उतरले तेवढे वाफ होऊन गेले आहे. फरशीवरचे त्यापेक्षा स्पष्ट जास्त उतरले असेल, तर बूच नीट बसले होते याची खात्री करून घ्या आणि मग मान्य करा की फरशीखालचा थर किंवा ट्रॅपच्या गळ्याचा सांधा गेला आहे. थाळी ठेवायची पायरी बहुतेक कारागीर गाळतात आणि मग धडधाकट फरशी फोडली जाते. ही चाचणीही निर्दोष निघाली तर शॉवरच्या भिंतीवर पंधरा-वीस मिनिटे पाणी मारून टाइल्सचे सांधे तपासायचे.

भिंतीतला पाइप गळत असेल तर काम लहान आहे: तेवढ्या दोन-तीन टाइल्स काढायच्या, जोड बदलायचा आणि बुजवण्याआधी पुन्हा दाब तपासायचा. फरशी दोषी निघाली तर मात्र अर्धवट काम करू नका. टाइल्सच्या फटींत पांढरे सिमेंट भरून देणारा कारागीर तुम्हाला सहा महिने विकतो, त्यापेक्षा जास्त नाही. फरशी आणि भिंतीच्या खालच्या टाइल्स काढून, खालचा थर साफ करून, ट्रॅपकडे ढाळ पुन्हा द्यावा लागतो. दर मीटरला एक ते सव्वा सेंटिमीटर ढाळ पुरेसा असतो. फरशी आणि भिंतीचा कोपरा काटकोनात न ठेवता सिमेंट-वाळूच्या मसाल्याने गोलसर भरून घ्यायचा, कारण वॉटरप्रूफिंगचा थर काटकोनातच चिरतो. पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटचे दोन हात, दुसरा पहिल्याच्या आडव्या दिशेने, भिंतीवर किमान ३० सेंटिमीटर चढवायचे. शॉवरच्या बाजूला डोक्याच्या उंचीपर्यंत. ट्रॅप आणि पाइप जिथून फरशीत शिरतात तिथे जाळीची पट्टी दाबून घ्यायची, बहुतेक गळत्या तिथल्याच असतात. आणि टाइल्स बसवण्याआधी पुन्हा चोवीस तास पाणी साठवून पाहायचे. ही अट कामाच्या अंदाजपत्रकात लिहून घ्या आणि ती चाचणी पार पडेपर्यंत निम्मे पैसे हातात ठेवा.

बेडरूमच्या बाजूचा गिलावा ओलीच्या खुणेच्या वर ३० सेंटिमीटरपर्यंत खरवडून काढा. लोणा कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतलात तर तेच क्षार पुन्हा भिंतीत जातील. मग थांबा. भिंत सुकायला जाडीच्या दर २५ मिलिमीटरला साधारण एक महिना धरतात आणि तुमच्या भिंतीला एका बाजूने टाइल्स असल्यामुळे ती एकाच बाजूने श्वास घेते. म्हणजे भिंत चार इंची असली तरी किमान चार महिने विटा उघड्या दिसतील. हे भाडेकरूंना आधीच सांगा, नाहीतर अर्धवट सोडलेले काम म्हणून आणखी एक तक्रार जमा होईल. वरच्या मजल्यावरून पाणी येत असल्याचे दिसले तर ही सगळी कार्यवाही वरच्या घरात व्हायला हवी. त्यासाठी फोटो जोडून इमारतीच्या व्यवस्थापनाला लेखी पत्र द्या.

आता भाड्याचे बोलू. भाडेकरूंना भेटायला जाताना थकबाकीचा कागद पहिल्यांदा पुढे करू नका. आधी चाचण्यांच्या तारखा सांगा, त्यांच्या सोयीची वेळ विचारा. घर तुमचे असले तरी राहते त्यांचे आहे. किमान एक दिवस आधी कळवल्याशिवाय आणि त्यांनी होकार दिल्याशिवाय आत जायचे नाही, पाणी वाहून जाण्यासारखी आणीबाणी असेल तरच अपवाद. मग सरळ विचारा, "भाडे उशिरा येण्याचे कारण ओल आहे की आणखी काही?" उत्तर ऐकून घ्या.

ओल हे कारण असेल तर दोन गोष्टी वेगळ्या करा. दुरुस्ती हे तुमचे काम आहे, ती भाडे थकले म्हणून थांबणार नाही. भाडे हे त्यांचे काम आहे, ते दुरुस्ती चालू आहे म्हणून निम्मे होणार नाही. मात्र बाथरूम बंद राहील ते आठ-दहा दिवस त्यांची खरोखर गैरसोय आहे. तेवढ्या दिवसांचे भाडे माफ करा किंवा त्यांच्या पर्यायी सोयीचा खर्च द्या. दोन महिने निम्मे म्हणजे एका पूर्ण महिन्याचे भाडे थकले आहे. ते चार समान हप्त्यांत चालू भाड्यासोबत द्यावे, असे एका पानावर लिहा, तारखा घाला, दोघांच्या सह्या घ्या. तोंडी ठरलेले चौथ्या महिन्यात दोघांना वेगवेगळे आठवते. भाड्याची तारीख त्यांच्या पगाराच्या तारखेनंतर तीन दिवसांची ठेवा आणि बँकेतून आपोआप वळते होईल अशी सूचना त्यांना द्यायला सांगा. कधी कधी भाडे केवळ तारीख चुकीची निवडल्यामुळे उशिरा येते.

मिळकत बुडाल्यामुळे त्यांना भाडे झेपतच नसेल, तर ते त्यांना मोकळेपणाने सांगता यावे असे बोला. अशा वेळी दोघांनी मिळून ठरवलेली घर सोडण्याची तारीख ही सहा महिन्यांच्या वादापेक्षा तुम्हाला स्वस्त पडते. आणि लेखी ठरूनही पैसे आले नाहीत तर करारातल्या मुदतीप्रमाणे लेखी नोटीस, मग स्थानिक वकिलाचा सल्ला. पाणी किंवा वीज तोडणे, कुलूप बदलणे, सामान बाहेर ठेवणे यांतले काहीही करायचे नाही, कोणी कितीही सुचवले तरी. ते माणुसकीला सोडून आहे, आणि त्याने तुमची बाजू खरी असली तरी कायद्यापुढे तुम्हीच दोषी ठरू शकता.

अनामतीबद्दल थोडे कठोर बोलतो. ते पैसे तुमचे नव्हते. ती तुमच्याकडे ठेवलेली त्यांची रक्कम आहे आणि ते उद्या घर सोडून निघाले तर ती लगेच परत द्यावी लागेल. आज ती वेगळी काढून ठेवलेली नाही, म्हणून भाडेकरूही मनातून खात्री बाळगू शकत नाहीत. "शेवटचे दोन महिने भाडेच देऊ नये, अनामत तशीच वळती होईल" असा विचार भाडेकरूंच्या मनात येतो तो नेमका अशाच ठिकाणी. तुमच्या साठवणीतून दोन महिन्यांचे भाडे आजच वेगळ्या खात्यात टाका.

तरीही "दुसरा भाडेकरू बरा" असे वाटत असेल तर बदलण्याची किंमत मोजू. घर एक महिना रिकामे राहिले तर वर्षाच्या भाड्यातले ८ टक्क्यांहून जास्त गेले. नव्या भाडेकरूकडून ५ टक्के जास्त भाडे मिळाले, तरी त्या एका महिन्याची भरपाई व्हायला वीस महिने लागतात. दलाली आणि रंगरंगोटी वेगळीच. कधी तरी बदल होईलच, तेव्हा निवड नीट करा: भाडे मिळकतीच्या एक-तृतीयांशाच्या आत बसते का ते पगाराच्या कागदांवरून पाहा आणि चौकशी सध्याच्या घरमालकाकडे करण्यापेक्षा त्याच्या आधीच्या घरमालकाकडे करा. सध्याच्या मालकाला भाडेकरू घालवायचा असेल तर तो कौतुकच करील. सगळ्या इच्छुकांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारा. जात, धर्म, एकटी बाई की कुटुंब यांवरून भाडे वेळेवर येईल की नाही हे कळत नाही. ताबा देताना खोलीवार यादी, मीटरचे आकडे, किल्ल्यांची संख्या आणि तारीख दिसेल असे फोटो, यावर दोघांच्या सह्या घ्या. दोन वर्षांत फिकट झालेला रंग ही वापराची झीज, दारात पडलेले भोक हे नुकसान. हा फरक करारात लिहिला असला की अनामतीचे भांडण होत नाही.

आता "पैसे कुठे जातात" याचा हिशोब. आकडे कुठल्याही चलनात बसावेत म्हणून तुमचे महिन्याचे भाडे १०० धरतो. तुम्ही दिलेल्या प्रमाणानुसार घराची किंमत २४,००० येते, कर्ज १४,४०० आणि हप्ता जवळपास १३०. तुम्ही १३० मधून १०० वजा करून ३० काढलेत. पण भाडे हातात पूर्ण राहत नाही. वर्षाचे १,२०० घेऊ. दोन वर्षांत एक महिना घर रिकामे, म्हणजे वर्षाला ५०. दर दोन वर्षांनी दलाली, रंग, साफसफाईला दीड महिन्याचे भाडे, म्हणजे ७५. इमारतीचे देखभाल शुल्क १२०, मालमत्ता कर ४०, विमा १२. दुरुस्तीला किमतीच्या अर्धा टक्का, १२०. एकूण ४१७. उरले ७८३, म्हणजे महिन्याला ६५. हप्ता १३०, हाती ६५, तूट ६५ च्या आसपास. तुमचे "दुप्पट" इथे सापडते. माझी प्रमाणे अंदाजाची आहेत. त्यांच्या जागी तुमच्या तीन वर्षांच्या पावत्या बसवा. मिळकतीवरचा कर मी धरलेला नाही, कारण त्याचे नियम ठिकठिकाणी वेगळे आहेत.

यातून आणखी एक गोष्ट उघड होते आणि ती कडू आहे. घराच्या किमतीवर तुम्हाला वर्षाला सव्वातीन टक्के निव्वळ मिळतात आणि कर्जावर तुम्ही ९ टक्के देता. कर्जाने घेतलेला भाग परवडायचा असेल तर घराची किंमत दरवर्षी पावणेसहा टक्क्यांनी तरी वाढायला हवी. वाढेलही, पण मग तुम्ही भाड्यावर नाही, किमतीच्या वाढीवर पैसे लावले आहेत. हे माहीत असून लावले तर हरकत नाही. न कळता लावले तर महिन्याची तूट नशिबाची खोट वाटते. तीन वर्षांत तुम्ही ४,६०० हून अधिक हप्ते भरलेत, त्यातले जेमतेम ८९० मुद्दलात गेले. वीस वर्षांच्या कर्जाची सुरुवात अशीच असते.

आता दुसरे घर. तेवढीच किंमत, तेवढेच भाडे, ८० टक्के कर्ज धरू. हप्ता १७३ येतो, निव्वळ भाडे पुन्हा ६५, तूट १०८. दोन्ही घरांची मिळून महिन्याची तूट १७० च्या वर. दोन भाडी मिळून ओढाताण थांबत नाही, ती अडीच पटींहून जास्त होते. खरेदीचे शुल्क आणि दलाली यांना तर तुमच्या २० टक्क्यांत जागाच नाही. घराने स्वतःचा हप्ता स्वतः भरावा आणि हाताशी थोडे उरावे, म्हणजे निव्वळ भाडे हप्त्याच्या सव्वापट नाही तरी १.२ पट असावे, अशी अट घातली तर याच दरात कर्ज किमतीच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतकेच झेपते. तीन हिस्से स्वतःचे घालावे लागतात. व्याज उतरले, किंवा भाड्याच्या मानाने स्वस्त घर मिळाले तर हे गणित बदलते, पण दरवेळी मांडून पाहायला हवे.

तुमच्या साठवणीत माझ्या हिशोबाने ४,८०० आहेत. मी त्यांची अशी वाटणी सुचवतो. २०० अनामतीच्या खात्यात. ४०० बाथरूम आणि भिंतीसाठी, खरा आकडा अंदाजपत्रकावरून ठरेल. ९०० राखीव, म्हणजे भाडे पूर्ण थांबले तरी जवळपास सात महिन्यांचे हप्ते निघतील. उरलेले ३,३०० कर्जात भरा. आज सुमारे १३,५०० मुद्दल शिल्लक आहे, ते १०,२०० वर येईल. मग बँक दोन पर्याय देते. हप्ता १३० च राहू द्या, म्हणजे सतरा वर्षे उरलेले कर्ज दहा वर्षांत फिटते. किंवा मुदत तीच ठेवून हप्ता ९८ वर आणा, म्हणजे महिन्याची तूट ३३ होते, जवळपास तीच जी तुम्ही घर घेताना झेपेल म्हणून धरली होती. तुमच्या पत्रातला ताण पाहता मी दुसरा पर्याय निवडेन. वर्षभरानंतर हात मोकळा झाला तर जादा रक्कम केव्हाही भरता येईल. मुदतीआधी भरण्याचे शुल्क आहे का, ते करारात पाहा. घर भाड्याने दिले आहे हे विमा कंपनीला कळवले आहे का, तेही तपासा. स्वतः राहतो असे लिहून घेतलेल्या विम्याचा दावा नाकारला जाऊ शकतो.

घर विकण्याचा पर्याय तुम्ही लिहिलेला नाही, पण तोही मोकळा ठेवा. रात्री नळ फुटल्याचा फोन आला की पोटात गोळा येत असेल, तर हे काम तुमच्यासाठी नाही असे म्हणण्यात कमीपणा नाही. फक्त विकायचे झाले तरी भिंत आधी दुरुस्त करा. ओली भिंत पाहून खरेदीदार दुरुस्तीच्या खर्चापेक्षा कितीतरी जास्त रक्कम कापतो, कारण त्याला कारण माहीत नसते आणि तो सगळ्यात वाईट धरतो.

ज्यांनी अजून पहिले घर घेतलेले नाही, त्यांच्यासाठी एवढेच: वरच्या हिशोबातली प्रत्येक ओळ सौद्याआधी भरता येते. इमारतीचे शुल्क आणि कर विक्रेत्याच्या पावत्यांवरून, भाडे जाहिरातीत मागितलेल्या आकड्यावरून न धरता त्याच इमारतीतल्या दोन भाडेकरूंना विचारून, आणि मोठी कामे, म्हणजे गच्चीचे वॉटरप्रूफिंग, लिफ्ट, रंग, त्यांसाठी निधी साठलेला आहे का ते व्यवस्थापनाच्या ताळेबंदावरून. शक्य असेल तर मुसळधार पावसानंतर दोन दिवसांनी घर पाहायला जा आणि बाथरूमच्या पलीकडच्या भिंतीला तळहात लावा. कपाट किंवा नवा रंग नेमका त्याच भिंतीवर असेल तर कपाट सरकवायला सांगा.

ताई, या आठवड्यात तीनच कामे: भाडेकरूंना फोन करून चाचणीची वेळ ठरवणे, अनामतीचे खाते उघडणे आणि तीन वर्षांच्या पावत्या एका वहीत महिन्यावार उतरवणे. फ्लशच्या टाकीत टाकायचा रंग जाताना सोबत न्या, तो त्यांच्या घरात असेलच असे नाही.